आईखांबाला वेढलेली तेनिली

माक्वालाआत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डावा हात कोपरापर्यंत शेजारच्या लामाराकाकूच्या गाईत. वासरू आडवं आलं होतं, आणि आडवं आलेलं वासरू सरळ करण्यात अख्ख्या गावात आत्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यामुळे ज्या सकाळी तेक्लाच्या लग्नाची तेनिली ओढायची होती, नेमक्या त्या सकाळी ती ओढणाऱ्या दोन्ही बायका, प्लास्टरसकट आत्या आणि लामाराकाकू, कुंपणापलीकडच्या गोठ्यात अडकल्या होत्या. घरात होती फक्त नेस्तान, वय वर्षं पंधरा, जिला तेनिलीला हात लावायची परवानगी नव्हती.

आता तेनिली म्हणजे चीजच, गाईच्या दुधाचं, पण त्याला नुसतं चीज म्हणणं म्हणजे मोराला कोंबडी म्हणणं. दुधाचा घट्ट गोळा आंबवायचा, गरम पाण्यात लोण्यासारखा मऊ करायचा आणि त्याची कडी करायची. दोन बायकांनी समोरासमोर उभं राहून ती कडी ओढायची, दुमडायची, पुन्हा ओढायची, पुन्हा दुमडायची, इतकी की शेवटी हातात केसांसारख्या धाग्यांची लड उरते. मग ती मिठाच्या पाण्यातून काढून टांगायची, दुसऱ्या दिवशी सायीत चोळायची, मडक्यात दाबून भरायची आणि दोन महिने त्या मडक्याकडे ढुंकूनही बघायचं नाही. तेक्लाचं, म्हणजे नेस्तानच्या थोरल्या बहिणीचं लग्न दोन महिने आणि तीन दिवसांवर आलं होतं. जॉर्जियातल्या मेस्खेतीत लग्नाला नवरदेव उशिरा आला तर लोक समजून घेतात. ताटात तेनिली नसेल तर पोटभर जेवून जातात आणि पुढची तीस वर्षं बोलतात.

नेस्तान सहा वर्षांची असल्यापासून दर वर्षी आत्याला विचारत आली होती, मी ओढू का. आणि दर वर्षी आत्या तिचे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघायची आणि म्हणायची, "हातात अजून घाई आहे." या वर्षी नेस्तान जिल्ह्याच्या गणित स्पर्धेत दुसरी आली होती आणि मिनीबसने एकटी अखालत्सिखेला जाऊन चष्मा करून आली होती. तिच्या मते तिच्यात घाई नावालाही उरली नव्हती. आत्याच्या मते ती आता काचेतूनसुद्धा दिसत होती.

जाताना आत्या कुंपणावरून एवढंच सांगून गेली होती की पाणी गरम ठेव आणि गोळ्याला हात लावू नकोस. नेस्तानने पाणी गरम ठेवलं. मग नखाएवढा तुकडा तोडून गरम पाण्यात बुडवला आणि ओढून पाहिला. नखाएवढाच, त्याला काही हात लावणं म्हणत नाहीत. तो अंगठ्यापासून निघाला आणि न तुटता कोपरापर्यंत आला. म्हणजे गोळा तयार होता. अर्ध्या तासाने तो ओढला असता तर पावासारखा भुगा झाला असता, आणि या भुग्यातून धागे काढणारा माणूस अजून जन्मायचा होता.

ती धावत कुंपणाशी गेली. गोठ्याच्या दारात लामाराकाकूचा नवरा जेमालकाका उलट्या बादलीवर बसला होता. त्याला आतून हाकललं होतं, कारण त्याने गाईला धीर द्यायला भाषण सुरू केलं होतं. नेस्तानचा निरोप घेऊन तो आत गेला आणि लगेच बाहेर आला.

"तुझी आत्या म्हणते थांब," तो म्हणाला. "गाय पण म्हणते थांब. वासराचं काही कळत नाही."

पण गोळा थांबणार नव्हता. नेस्तानने बाह्या वर केल्या, हात कोपरापर्यंत धुतले आणि गोळा कढईत सोडला. तो वितळायला लागल्यावर तिच्या लक्षात आलं की कडी ओढायला समोर दुसरं माणूस लागतं. बाबा गवत कापायला वरच्या शेतात गेले होते. तेक्ला बाराच्या मिनीबसने येणाऱ्या होणाऱ्या सासूबाईंना आणायला फाट्यावर गेली होती. खोलीत होता फक्त आईखांब.

जुन्या घराची ही एकच खोली शिल्लक होती, आणि तिच्या मधोमध अख्ख्या छपराची तुळई डोक्यावर घेऊन हा एकटा खांब उभा होता. पायाखाली सपाट दगड, छातीवर कोरलेला सूर्य, वर हातांसारखे पसरलेले दोन लाकडी बाहू. पणजोबांच्याही आधीचा. त्याला आईखांब म्हणतात, त्याच्यासमोर कुणी खोटं बोलत नाही, आणि तो दमत नाही. हा शेवटचा मुद्दा नेस्तानला फार पटला. तिने खांब मिठाच्या गरम पाण्याने दोनदा घासून धुतला, कोरडा पुसला, मऊ चीजची जाड पट्टी त्याच्यामागून घेतली आणि दोन्ही टोकं समोर आणून एकमेकांवर दाबली. गरम चीज, लगेच एक झालं. झाली कडी.

मग तिने ओढलं.

पहिल्यांदा मनगटाएवढे दोन दोर आले. हातातलं टोक तिने खांबाला वळसा घालून पुन्हा हातात घेतलं: चार. ओढलं. आठ. खांब जागचा हलला नाही, बोलला नाही, "हळू" म्हणाला नाही. सोळा. बत्तीस. सातव्या वळशाला दोर सुतळीएवढे झाले, आठव्याला दोऱ्याएवढे, आणि नेस्तान, जी शाळेत पाढे म्हणते तशी मोजत होती, ती नवव्याला मोजायचं विसरली. खिडकीतून येणारं ऊन त्या लडीत शिरलं आणि बाहेरच पडेना. दुधाचा इतका पांढरा रंग तिने दुधातसुद्धा पाहिला नव्हता. दहाव्या वळशानंतर तिच्या मनगटापासून खांबापर्यंत दोन हजार अठ्ठेचाळीस धागे होते, एकही तुटला नव्हता, आणि तिच्या श्वासाने ते हलत होते. तिने श्वास रोखून धरला. आपल्याच हातांकडे ती अशी बघत राहिली जसे ते कुणा दुसऱ्याचे, फार मोठ्या बाईचे होते.

मग ती लड मिठाच्या पाण्यात सोडायला वळली.

मिठाचं पाणी खिडकीखाली होतं. लड खांबाभोवती होती. नेस्तान डावीकडून गेली, उजवीकडून गेली, वाकून गेली. गणितात जिल्ह्यात दुसऱ्या आलेल्या मुलीला त्या क्षणी समजलं की ज्या कडीच्या आत खांब आहे, आणि ज्या खांबाच्या वर छप्पर आहे, ती कडी बाहेर काढायला दोनच मार्ग आहेत. एक कात्री. आणि लग्नाच्या तेनिलीला कात्री लावत नाहीत. धागा कापला की लड उकलत जाते, साय धरत नाही, आणि कापलेली तेनिली लग्नात वाढणारं घर मेस्खेतीत अजून कुणी पाहिलेलं नाही. दुसरा मार्ग छपरातून जात होता.

नेमकं तेव्हाच दार उघडलं आणि तेक्लाच्या मागून तिच्या होणाऱ्या सासूबाई आत आल्या.

नतेलाबाई उंच होत्या, काळ्या पोशाखात होत्या, आणि त्यांच्या गावच्या तेनिलीचा त्यांना इतका अभिमान होता की दुसऱ्या गावची त्या फक्त शिष्टाचार म्हणून चाखायच्या. तेक्ला त्यांच्यासमोर इतकी घाबरायची की साखरपुड्यापासून ती त्यांच्याशी एकूण अकरा शब्द बोलली होती, त्यातले सहा "हो" होते. नतेलाबाईंनी खांब पाहिला. लड पाहिली. लडीच्या दुसऱ्या टोकाला लटकलेली, चष्म्यावर वाफ आलेली नेस्तान पाहिली.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

नेस्तानच्या तोंडून जे निघालं ते तिने आधी ठरवलं नव्हतं. "आमच्या घरची रीत आहे," ती म्हणाली. "लग्नाची तेनिली आईखांबाला वेढून ओढतात. म्हणजे नवरीला माहेरची ताकद मिळते."

तेक्लाने बहिणीच्या कानाशी येऊन कुजबुजत विचारलं की कुठली रीत, कधीपासूनची. नेस्तानने ओठ न हलवता सांगितलं, आत्तापासूनची.

नतेलाबाई बराच वेळ खांबाकडे बघत होत्या. मग त्यांनी पोशाखाच्या बाह्या दुमडल्या, हात धुतले, नेस्तानच्या मनगटावरून ती लड हळूच स्वतःच्या दोन्ही हातांवर घेतली आणि म्हणाल्या, "सोड आता, मी धरते. ऐकून होते मी या रीतीबद्दल."

नेस्तानला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही.

"मग रीतीप्रमाणे," नतेलाबाईंनी विचारलं, "ही काढतात कशी?"

"पुरुष काढतात," नेस्तान म्हणाली.

"कसे?"

"खांब उचलून."

तेक्ला बाकावर बसली. आणि नशीब म्हणा की कमनशीब, त्याच वेळी नेस्तानचे बाबा वाझा विळ्याला धार लावायला घरी आले. विहीणबाई समोर उभ्या, त्यांच्या हातात चीज, चीजमध्ये खांब. नतेलाबाईंनीच त्यांना गोड आवाजात सांगितलं की आपण आलात बरं झालं, रीतीप्रमाणे खांब उचलायचा खोळंबला आहे. आता आपल्याच घरची रीत आपल्याला ठाऊक नाही हे विहिणीसमोर कबूल करील असा बाप मेस्खेतीत तरी सापडणार नाही. वाझाने धाकट्या मुलीकडे पाहिलं. धाकटी मुलगी दगडाकडे बघत होती.

"अर्थात," वाझा म्हणाला. "मी जॅक घेऊनच येत होतो."

एक जॅक त्याच्या ट्रकचा होता. दुसरा जेमालकाकाचा, त्यामुळे जॅकबरोबर जेमालकाकाही आला. त्याला रीत सांगितल्यावर तो चकित झाला नाही, उलट चिडला. ही रीत बंद का पडली होती, असं त्याचं म्हणणं होतं. त्याच्या आजोबांनी शेवटचा खांब उचलताना डोळ्यांनी पाहिलं होतं, त्या वर्षी बर्फ लवकर पडला होता, आणि खांब उचलण्याआधी घराच्या नावाने पेला उचलल्याशिवाय कुणी जॅकला हात लावत नसे. हे तो इतक्या खात्रीने सांगत होता की नेस्तानलाच क्षणभर वाटलं, असेलही.

तेव्हा तुतीची दारू आली, पेले आले, आणि जेमालकाका खांबासमोर उभा राहिला. त्याने या घरासाठी पेला उचलला. मग या छपराखाली जन्मलेल्यांसाठी, मग या छपराखालून गेलेल्यांसाठी. नतेलाबाई दोन्ही हात पुढे करून लड ताणून धरत होत्या, कारण सैल सोडली तर धागे एकमेकांना चिकटले असते. नेस्तान ओंजळीने कोमट पाणी शिंपडत होती, कारण थंड झाले तर कडक झाले असते. तिने दोनदा खाकरून पाहिलं. जेमालकाका नुकताच बायबलमधल्या नोहापर्यंत पोचला होता.

पाहुणी आली आणि तिला काही दिलं नाही, असं तर होऊ शकत नव्हतं. पण पाहुणीचे हात मोकळे नव्हते. म्हणून तेक्ला उठली आणि होणाऱ्या सासूला कोवळ्या अक्रोडाचा मुरांबा चमच्याने भरवायला लागली. मग कॉफी पाजली. मग नाकावर बसलेली माशी उडवली. मग नतेलाबाई हळूच म्हणाल्या की डावा खांदा खाजतोय, जरा वर, अजून वर, हां, तिथेच. साखरपुड्यानंतरच्या इतक्या महिन्यांत जे झालं नव्हतं ते त्या पाव तासात झालं, आणि दोघी मधूनच हसायला लागल्या, तर नेस्तानला ओरडून सांगावं लागलं की हसू नका, धागे हलतायत.

शेवटी जेमालकाकाचा पेला रिकामा झाला. तुळईखाली खांबाच्या दोन्ही बाजूंना जॅक ठेवले, जॅकवर देवदाराचे ओंडके उभे केले, आणि दोघे समोरासमोर दांडे फिरवायला लागले. आत्याच्या लग्नात घातलेला पत्रा आधी कुरकुरला. मग वरून पन्नास वर्षांची धूळ सांडायला लागली, आणि तेक्लाने पळत जाऊन स्वतःच्या रुखवतातला पांढरा टेबलक्लॉथ आणला. ती आणि नेस्तान तो लडीवर छतासारखा धरून उभ्या राहिल्या. तुळई एक बोट वर गेली. दीड बोट. खांबाच्या डोक्यावर पहिल्यांदाच काही नव्हतं.

"आता," वाझा म्हणाला.

त्याने आणि जेमालकाकाने खांबाला मिठी मारली, जशी लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला मारतात, आणि उचललं.

खांब उठला. जेमतेम करंगळीएवढा, पण उठला. दगड आणि लाकूड यांच्यामधून पलीकडच्या खिडकीचा उजेड आला. त्या दगडावर, जिथे खांब उभा होता, तिथे गोल, स्वच्छ, फिकट खूण होती. कुणाच्याही जिवंत डोळ्यांनी ती पाहिली नव्हती, ना बाबांच्या, ना आजोबांच्या. वाझाचे हात गुंतलेले होते, म्हणून त्याने नेस्तानला खुणेने सांगितलं, आणि तिने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली. नतेलाबाई तशाच काळ्या पोशाखात गुडघ्यांवर बसल्या. नेस्तानने दगडावर धुतलेला रुमाल पसरला आणि वेढे खांबावरून हळूहळू खाली सरकवत आणले. आणि मग ती सगळीच्या सगळी लड, दोन हजार अठ्ठेचाळीस धागे, दोनशे वर्षांच्या लाकडाखालून पाण्यासारखी सरकली आणि बाहेर आली. अखंड.

त्याच क्षणी दारात माक्वालाआत्या उभी होती. केसात पेंढा, डावी बाही खांद्यापर्यंत ओली, उजवा हात प्लास्टरमध्ये. तिने ट्रकच्या जॅकवर ठेवलेलं आपलं छप्पर पाहिलं. भावाच्या मिठीतला आईखांब पाहिला. जमिनीवर बसलेली विहीण पाहिली.

"कालवड झाली," ती म्हणाली.

"तुमच्या घरची रीत बघतेय, माक्वालाबाई," नतेलाबाई खालूनच म्हणाल्या. "लग्नाची तेनिली खांबाला वेढायची."

आत्याची नजर नेस्तानवर येऊन थांबली. ती इतका वेळ थांबली की जेमालकाकाच्या कपाळावरचा घाम हनुवटीपर्यंत पोचला.

"हं," आत्या म्हणाली. "पण रीतीप्रमाणे खांब आधी खाली ठेवतात आणि मग पाहुण्यांशी बोलतात. ठेव रे वाझा, तुझी कंबर जाईल."

खांब खाली आला, तुळई खाली आली, पत्रा एकदा कुरकुरून गप्प झाला. लड मिठाच्या पाण्यातून निघून खिडकीजवळच्या काठीवर टांगली गेली. आता शेवटची परीक्षा राहिली होती. लग्नाच्या तेनिलीचा धागा सुईच्या नाकातून जावा लागतो, नाही तर ती रोजच्या मडक्यात जाते. आत्याला एका हाताने सुई धरता येईना, म्हणून नतेलाबाईंनी सुई धरली. आत्याने लडीच्या कडेचा एक धागा वेगळा केला, डोळे बारीक केले आणि पुढे नेला. नेस्तानने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

धागा गेला. कुठेही न अडता, दुसऱ्या बाजूने बाहेर आला आणि हवेत हलत राहिला. दोन्ही बायका त्याच्याकडे बघत राहिल्या, आणि दोघींपैकी कुणाच्याही गावचा उल्लेख झाला नाही.

आत्याने सुई टेबलावर ठेवली. नेस्तानचे हात हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले. मनगटांवर लडीचे लाल वळ उमटले होते.

"साय उद्या तूच चोळ," ती म्हणाली. "मडकं पण तूच भर. रीतीबद्दल आपण पाहुणे गेल्यावर बोलू."

चारच्या मिनीबससाठी नतेलाबाई निघाल्या तेव्हा फाट्यापर्यंत त्यांची पिशवी धरायला नेस्तान गेली. पोरीला सगळं कबूल करायचं होतं. आईखांबासमोर खोटं बोललेलं माणूस घरात जास्त दिवस सुखाने झोपत नाही, असं तिने लहानपणापासून ऐकलं होतं. ती म्हणाली की नतेलाबाई, ती रीत, म्हणजे खरं सांगायचं तर तशी रीत.

"नाहीये," नतेलाबाई म्हणाल्या. "मला माहितीये."

त्या चालत राहिल्या. थोड्या वेळाने त्यांनी, समोर रस्त्याकडे बघतच, सांगायला सुरुवात केली. त्यांचं लग्न होऊन तेव्हा तीन महिने झाले होते. सासू चर्चमध्ये गेली होती, नणंद आजारी होती, गोळा तयार झाला होता आणि समोर धरायला कुणी नव्हतं. त्यांच्या सासरीही आईखांब आहे, याच्याहून जाड.

"मग?" नेस्तानने विचारलं.

"मग काय. कात्री आणली. कापली, परसात नेली, कोंबड्यांना घातली. सासूला सांगितलं कुत्र्याने पळवली. तो बिचारा आठवडाभर बांधलेला होता, आणि जाता-येता माझ्याकडे बघायचा."

मिनीबस वळणावर दिसली. नेस्तानने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग विचारलं की सगळं ठाऊक होतं तर आल्या आल्या का नाही सांगितलं, का उभ्या राहिल्या एवढा वेळ, हात दुखेपर्यंत.

नतेलाबाईंनी पिशवी घेतली आणि मिनीबसच्या पायरीवर पाय ठेवला.

"बत्तीस वर्षं मला एकच गोष्ट बघायची होती," त्या म्हणाल्या. "न कापता निघते का."